झेल कुणाचा सुटला, सामना कोण हरलं?

न्यू जर्सीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते. मुलाचं नाव बदललं आहे.

«ताई, आमचा आदित्य इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीला आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा तो दहावीपासूनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू. आपली मुलं या जागेवर खेळताना क्वचितच दिसतात, त्यामुळे आम्हाला त्याचा फार अभिमान. नोव्हेंबरमध्ये प्लेऑफची, म्हणजे हरलं की बाहेर अशी बाद फेरीची, मॅच होती. आम्ही चार पॉइंटांनी मागे, घड्याळात काही सेकंद उरलेले, आणि आदित्यने एंड झोनमध्ये, म्हणजे जिथे बॉल पकडला की टचडाऊनचे सहा पॉइंट मिळतात त्या मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, टाकलेला पास रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या मुलाच्या, दोन्ही हातांत बसून खाली पडला. सिझन तिथेच संपला. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, बॉल अगदी छातीवर होता. (तिसऱ्या क्वार्टरमध्ये आदित्यचा एक पास इंटरसेप्ट झाला होता, पण त्याला मागून धक्का बसला होता आणि ब्लॉकिंगही धड नव्हतं.)

त्या रात्री रागाच्या भरात त्याने इन्स्टाग्रामवर ती क्लिप टाकली आणि खाली लिहिलं, ‘मी माझं काम केलं.’ तासाभरात काढून टाकली, पण तोवर शाळाभर झालं होतं. तेव्हापासून टीममधली मुलं त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. लंचला तो एकटा बसतो. गेल्या वर्षी जिंकत होते तेव्हा हीच मुलं त्याच्या मागेपुढे असायची. त्याने लिहिलं ते खोटं तर नव्हतं ना? मी कोचशी बोललो, ते म्हणाले, हे आदित्यनेच निस्तरायला हवं. जवळच्या एका प्रायव्हेट शाळेत त्याला घालावं असं माझ्या मनात आहे. त्याची आई म्हणते खेळच बंद करा, डोक्याला मार लागायची भीती आहेच, वर अभ्यास. माझे वडील नाशिकहून दर शनिवारी सकाळी, म्हणजे इथे शुक्रवारी रात्री मॅच संपली की, ‘जिंकला का रे?’ विचारायला फोन करायचे. आता ते नुसते चौकशीला फोन करतात तरी आदित्य फोनवर येत नाही. काय करावं?»

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आदित्यचा बॉल समोरच्या टीमने पकडला, त्याची दोन कारणं तुम्ही दिलीत. मागून धक्का बसला, ब्लॉकिंग धड नव्हतं. रिसीव्हरच्या हातून बॉल सुटला, त्याचं कारण मात्र एकही नाही. नोव्हेंबरच्या रात्री त्याची बोटं थंडीने बधिर झाली होती का, डिफेंडर त्याच्या किती जवळ होता, एंड झोनपर्यंत पोचवणाऱ्या त्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे सलग चढाईत, त्याने आधी काही बॉल पकडले होते का, यातलं काहीच पत्रात नाही. तुम्ही बाप आहात, तुमची नजर आपल्या लेकरावरच खिळलेली असणार. पण घरी परतताना गाडीत आदित्यने हाच हिशेब ऐकला असेल, तर इन्स्टाग्रामवरची ती ओळ त्याच्या एकट्याची नाही.

‘खोटं तर नव्हतं ना?’ असं तुम्ही विचारता. याचं उत्तर मला जिम केली या क्वार्टरबॅकच्या उदाहरणाने द्यायचं आहे. मी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं राहिले, तिथल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम केलं, आणि त्या भागात हे नाव घराघरात आहे. जिमने बफेलो बिल्स संघाला सलग चार सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यांपर्यंत, नेलं आणि ते चारही तो हरला. जिंकण्या-हरण्याबद्दल त्याच्याकडून शिकण्यासारखं जेवढं आहे, तेवढं मला जिंकून जिंकून थकलेल्यांकडे कधी सापडलं नाही. शिवाय आदित्यवर आली तशीच वेळ त्याच्यावर आली होती, आणि पहिल्यांदा तोही आदित्यसारखाच वागला होता.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. मैदानावर एका बाजूचे अकरा जण असतात. बॉल क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि पास टाकायला त्याला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. ती सेकंदं त्याच्यासमोर उभे असलेले पाच धिप्पाड गडी मिळवून देतात. ही ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं हे त्यांचं काम. बॉल त्यांच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही, स्कोअरबोर्डवर त्यांचं नाव झळकत नाही, आणि टीव्हीवर त्यांचं नाव ऐकू येतं ते बहुधा त्यांच्या हातून चूक झाली तेव्हाच.

1989 च्या ऑक्टोबरमध्ये इंडियानापोलिसला बिल्सची मॅच होती. तिथल्या कोल्ट्स संघाचा एक खेळाडू मोकळा सुटून आला आणि त्याने जिमला आडवा केला. जिमचा खांदा निखळला. उजवीकडचा टॅकल, म्हणजे लाइनच्या उजव्या टोकाचा गडी, हॉवर्ड बॅलर्ड, साडेसहा फुटी माणूस, त्याला अडवू शकला नव्हता. मॅचनंतर जिमने पत्रकारांसमोर बॅलर्डला दोष दिला. आता पाहा, व्हिडिओ तपासला असता तर जिमचं म्हणणं खोटं ठरलं नसतं. पण संघात त्याचा काय परिणाम झाला? बॉल घेऊन पळणाऱ्या थर्मन थॉमसने एका टीव्ही कार्यक्रमात सुचवलं की क्वार्टरबॅकच्या जागी आणखी चांगला माणूस मिळू शकतो. दोन असिस्टंट कोचमध्ये फिल्म पाहताना मारामारी झाली. वर्तमानपत्रांनी त्या संघाचं नाव ‘बिकरिंग बिल्स’, म्हणजे भांडकुदळ बिल्स, असंच ठेवलं. आणि जिम जायबंदी असताना बदली क्वार्टरबॅक फ्रँक राईकने तीन सामने खेळून तीनही जिंकले, त्याच बॅलर्डच्या आडोशाने.

खरं बोललो एवढ्यावर माणूस मोकळा होत नाही. ते कुठे बोललो, कुणासमोर बोललो आणि बोलल्यावर त्या माणसाला उभं राहायला जागा ठेवली का, यालाही मोल असतं. लाइनमनला त्याची चूक त्याच रात्री ठाऊक असते. ती फिल्मच्या खोलीत कोच दाखवतात, तिथे कुणी लपूही शकत नाही. तीच चूक गावासमोर सांगितली की तिच्यातून तो काही शिकत नाही. यापुढे या माणसासाठी अंग झोकून द्यायचं का, एवढाच विचार त्याच्या मनात राहतो.

आता आदित्यच्या त्या शेवटच्या पासकडे येते. त्याच सिझनच्या शेवटी, 6 जानेवारी 1990 रोजी, क्लीव्हलँडला तिथल्या ब्राउन्स संघाविरुद्ध प्लेऑफची मॅच होती. बिल्स 34-30 ने मागे, म्हणजे तुमच्यासारखेच चार पॉइंटांनी. शेवटची काही सेकंदं. जिमने एंड झोनच्या कोपऱ्यात रॉनी हार्मनकडे पास टाकला. बॉल हार्मनच्या हातांवर आला आणि निसटला. बफेलोत आजही ‘हार्मनचा ड्रॉप’ म्हटलं की जुन्या माणसांचे चेहरे पडतात.

पण ती मॅच तिथे संपली नव्हती. नऊ सेकंद बाकी होती. पुढच्या प्लेमध्ये जिमने पुन्हा पास टाकला आणि तो ब्राउन्सच्या क्ले मॅथ्यूजने गोललाइनजवळ पकडला. शेवटचा बॉल जिमचाच चुकला. आणखी मागे गेलात तर चौथ्या क्वार्टरमध्ये किकर स्कॉट नॉरवूडची टचडाऊननंतरची एका पॉइंटची किक हुकलेली दिसते. तो पॉइंट मिळाला असता तर शेवटी फील्ड गोल, म्हणजे तीन पॉइंटांची किक, मारून बरोबरी साधता आली असती. त्याआधी ब्राउन्सच्या एरिक मेटकाफने किकऑफ 90 यार्ड पळवत आणून टचडाऊन केला होता. त्याला कितीजणांनी सोडला असेल, मोजा. याच मॅचमध्ये जिमने चारशेहून जास्त यार्डांचे पास टाकले होते. तरीही एवढ्या सगळ्यांतून लोकांच्या लक्षात राहिला तो एक माणूस आणि एक झेल.

आदित्यच्या मॅचमध्येही असंच सगळं असणार. तिसऱ्या क्वार्टरमधल्या त्या इंटरसेप्शननंतर समोरच्या टीमने किती पॉइंट केले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चारपेक्षा जास्त असतील, तर शेवटच्या पासवर सगळं अवलंबून राहिलंच का, याचा विचार व्हायला हवा. मी आदित्यला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करत नाही. पण त्याने पाहिली ती सहा-सात सेकंदांची क्लिप, आणि मॅच होती पूर्ण चार क्वार्टरची.

हार्मन पुढच्याच सिझनला सॅन डिएगोला गेला आणि तिथे बरीच वर्षं चांगला खेळला. 1992 च्या सिझनमध्ये त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली, आणि धावणाऱ्या खेळाडूची जागा सांभाळून पास पकडण्यातच त्याचं नाव झालं. ज्याच्या हातांवर सगळं शहर बोट ठेवत होतं, त्याचे हात मुळात खराब नव्हतेच.

जिमनेही पुढे बॅलर्डबद्दल बोललो ते चुकलं हे मान्य केलं. आणि जाहीरपणे नावं घेणं संघात थांबलं. पुढच्या वर्षी तोच संघ, तोच बॅलर्ड, तोच थर्मन थॉमस, तोच कोच मार्व्ह लेव्ही, सोळापैकी तेरा सामने जिंकला. आक्रमणाची पद्धतच त्यांनी बदलली. एरवी दोन प्लेच्या मधे खेळाडू घोळका करून पुढचं ठरवतात. बिल्सनी ते जवळपास सोडूनच दिलं. जिम थेट लाइनवर उभा राहून हाका द्यायचा. समोरच्यांना दम घ्यायला उसंत मिळायची नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, हा सगळा जिमचा कारभार. पण समोरची रचना वाचून लाइनला कुणाला कसं अडवायचं हे सांगायचं काम सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहणाऱ्या, केंट हलचं होतं. इतक्या वेगात ‘मला एकदा नीट सांग’ म्हणायलाही सवड नसते. हलला दिसलंय ते बरोबर आहे असं धरून जिमला चालावं लागायचं, आणि जिम बॉल वेळेत सोडेल असं धरून हलला. ज्या लाइनवर वर्षभरापूर्वी जाहीर ताशेरे ओढले, तिच्याच भरवशावर जिमने हे केलं. बॅलर्डही पुढे दोनदा प्रो बोलसाठी निवडला गेला.

मग आला 27 जानेवारी 1991, टॅम्पा, सुपर बोल. न्यूयॉर्क जायंट्स 20, बिल्स 19. दोन मिनिटं सोळा सेकंद उरली असताना जिमने स्वतःच्या 10 यार्ड रेषेपासून सुरुवात केली आणि संघाला समोरच्यांच्या 29 यार्डांपर्यंत आणलं. आठ सेकंद राहिली. 47 यार्डांची किक. बॉल धरून बसला होता राईक, जिमचा बदली खेळाडू. नॉरवूडने मारली. बॉल उंच गेला, लांबही पुरेसा गेला, पण उजव्या खांबाच्या बाहेरून.

‘मी माझं काम केलं’ म्हणायची यापेक्षा मोठी संधी कुठल्या क्वार्टरबॅकला मिळेल? जिमने नॉरवूडला किकच्या टप्प्यात आणून सोडलं होतं. पण 1989 चा तो संघ आता राहिला नव्हता. नॉरवूडवर कुणी खापर फोडलं नाही. मार्व्ह लेव्ही नंतर सांगत असत की ड्रेसिंग रूममध्ये एकेक खेळाडू नॉरवूडजवळ जाऊन बसला आणि आपण कुठे चुकलो ते त्याला सांगू लागला. त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतंही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल आपल्याकडे राखायला जायंट्सच्या मार्क इंग्रॅमला 13 यार्ड हवे होते. तो एकामागून एक बिल्सच्या हातांतून निसटला, तेवढे यार्ड काढले आणि त्या ड्राइव्हवर जायंट्सनी टचडाऊन केला. जायंट्सनी त्या मॅचमध्ये 40 मिनिटांहून जास्त वेळ बॉल आपल्याकडे ठेवला होता. त्या वेळात जिम नुसता बाजूला उभा होता. एका किकवर सगळं येऊन ठेपलं, त्याला एवढे हात लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी बफेलोच्या नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक थंडीत जमले. हरलेल्या संघासाठी. नॉरवूड मागे, बाकीच्यांच्या आड उभा होता. लोक त्याच्या नावाने हाका मारू लागले, आम्हाला स्कॉट हवाय म्हणून, आणि तो पुढे येईपर्यंत थांबले नाहीत. तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज फुटत नव्हता. एवढं प्रेम आजवर कधी जाणवलं नव्हतं, अशा अर्थाचं तो बोलला. आम्ही राहायचो त्या गल्लीत त्या किकबद्दल बोलणारे खूप होते, पण नॉरवूडचं नाव कुणी वाकडं तोंड करून घेतलेलं मी ऐकलं नाही.

संघाने त्याला काढून टाकलं नाही, तो पुढचा सिझनही खेळला. पुढच्या वर्षी जानेवारी 1992 मध्ये डेन्व्हरविरुद्ध जो सामना जिंकून बिल्स पुन्हा सुपर बोलला गेले, त्याचा स्कोअर होता 10-7. त्यातले तीन पॉइंट नॉरवूडच्या 44 यार्डांच्या किकचे. फरकही तेवढाच, तीन पॉइंटांचा.

हे आदित्यला सांगा. तो रिसीव्हर पुढच्या सिझनलाही असणार, आदित्यसारखाच बारावीला. सप्टेंबरमध्ये आदित्य पुन्हा त्याच्याकडेच पास टाकणार आहे. वर्षभर अपराधाच्या ओझ्याखाली वावरलेला मुलगा बॉल पकडताना आधी स्वतःचे हात पाहतो, बॉल नंतर. आदित्यने त्याला सावरलं तर ते आदित्यच्याच खेळाच्या कामी येईल. मी याला नुसता चांगुलपणा म्हणत नाही, क्वार्टरबॅकच्या कामाचाच तो भाग आहे. म्हणून आदित्यचं ‘मी माझं काम केलं’ हे वाक्य मला खरं वाटत नाही. पास टाकणं हा त्याच्या कामाचा एक तुकडा होता. बॉल जमिनीवर पडल्यानंतर त्या मुलाजवळ जाणं, हा दुसरा. तो राहिला.

जिंकण्याबद्दलही एक सांगते, कारण तुमच्या पत्रात गेल्या वर्षीचा उल्लेख आहे. जिंकत होते तेव्हा मुलं आदित्यच्या मागेपुढे असायची, आणि तेव्हा तुम्हाला ते रास्त वाटलं. क्वार्टरबॅकला विजयाचं श्रेय त्याच्या वाट्यापेक्षा जास्त मिळतं आणि पराभवाचा दोषही जास्त मिळतो. या खेळाचा तो रिवाजच आहे. गेल्या वर्षीचं जास्तीचं श्रेय घरी घेऊन आलो आणि यंदाचा जास्तीचा दोष मात्र दुसऱ्याच्या नावावर टाकला, असा जमाखर्च टीममधल्या मुलांना पटत नाही. ती बोलून दाखवत नाहीत, लंचच्या टेबलावर सरकून बसतात.

विजयात कसं वागावं, यासाठी मी फ्रँक राईकचं नाव घेईन. 3 जानेवारी 1993 ला जिमचा गुडघा दुखावलेला होता, म्हणून ह्यूस्टनविरुद्ध राईक खेळला. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला स्कोअर 35-3 झाला. लोक स्टेडियम सोडून घरी निघाले होते. बिल्सनी ती मॅच जादा वेळेत 41-38 ने जिंकली. 32 पॉइंटांची पिछाडी भरून काढायचा तो विक्रम जवळपास तीस वर्षं टिकला. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गलाही राईक जिंकला. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात जिम बरा झाल्यावर राईक परत बाकावर जाऊन बसला. गावभर नाव झालेलं असताना. त्याने वाद घातला असता तर बाजूने बोलणारेही निघाले असते. त्याने घातला नाही, आणि बिल्स तिसऱ्या सुपर बोलला पोचले.

तो सुपर बोल ते 52-17 असे धुऊन निघाले. त्यातला एक प्रसंग यूट्यूबवर आदित्यला जरूर दाखवा. मॅच कधीच हातची गेलेली. जिमच्या जागी उतरलेल्या राईकच्या हातून बॉल सुटला आणि डॅलसचा लिऑन लेट तो उचलून एकटाच एंड झोनकडे पळत सुटला. शेवटच्या यार्डांत त्याने वेग कमी केला आणि बॉल धरलेला हात ऐटीत बाजूला काढला. बिल्सचा रिसीव्हर डॉन बीबी कितीतरी मागून जीव तोडून धावत आला होता. त्याने गोललाइनच्या तोंडाशी लेटच्या हातातला बॉल उडवून लावला. टचडाऊन झाला नाही. त्याने निकालात काडीचाही फरक पडला नाही, आणि बफेलोत बीबीला आजही मान आहे तो त्या धावण्यामुळे. त्याने मनात हिशेब केला असता तर तो पळालाच नसता.

आता करायचं काय, ते.

आदित्यने त्या मुलाला समोरासमोर भेटावं. मेसेज नको, स्टोरी तर मुळीच नको, आणि सगळ्या टीमसमोर जाहीर माफीही नको, त्यात पुन्हा आदित्यच केंद्रस्थानी येतो. आधी दोघंच. बोलायचं ते एवढंच: मी ते टाकायला नको होतं, तू माझा रिसीव्हर आहेस आणि मी तुला एकटं पाडलं. वाक्यात ‘पण’ नसावा. तो मुलगा काही बोलणार नाही, कदाचित उलट चार शब्द सुनावेल, तर ते ऐकून घ्यावेत. एका भेटीत सगळं पूर्ववत होईल असं आदित्यला सांगू नका, होणार नाही. त्यानंतर लाइनमधल्या पाच जणांशी बोलावं, कारण ‘ब्लॉकिंग धड नव्हतं’ हे घरात बोललं गेलं असेल तर ते बाहेरही पोचलं असण्याचा संभव आहे.

मग कोचकडे जाऊन पूर्ण मॅचची फिल्म मागावी आणि बसून पाहावी. शेवटच्या प्लेपासून नव्हे, पहिल्या किकऑफपासून. प्रत्येक प्लेमध्ये फक्त स्वतःकडे पाहायचं. बॉल उशिरा सोडला का, मोकळा माणूस दिसला नाही का, लाइनने आणखी अर्धा सेकंद दिला होता तेव्हा उगाच पळत सुटलो का. ती यादी त्याने कुणालाही दाखवायची गरज नाही. हिवाळ्यात वेट रूममध्ये लाइनची मुलं जातात त्याच वेळी त्यानेही जावं, आणि बर्फ सरल्यावर त्या रिसीव्हरला विचारावं, बॉल टाकायला येतोस का. उन्हाळ्यात सात-सात जणांचे सराव सुरू होतील, तोवर हात पुन्हा जुळलेले हवेत.

शाळा बदलायचा विचार या कारणासाठी करू नका. बदलीनंतर खेळायला काही काळ परवानगी न मिळण्याचे नियम असतात, ते तर आहेच. पण त्याहून मोठं म्हणजे, नव्या शाळेतही पाच लाइनमन असतील, रिसीव्हर असेल, आणि कधीतरी कुणाच्या तरी हातून बॉल सुटेल. तेव्हा काय करायचं हे आदित्य इथेच शिकू शकतो, कारण इथे ज्याच्याशी जुळवून घ्यायचं तो मुलगा त्याच्यासमोर आहे.

आईंचा प्रश्न मला खूप महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच तो या भांडणात मिसळू नका. डोक्याला मार ही या खेळातली खरी भीती आहे. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत आता कायदा आहे की असा संशय आला तर मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही. तो नियम तुमच्या शाळेत कसा पाळला जातो, मॅचला आणि सरावाला ट्रेनर हजर असतो का, हे दोघांनी जाऊन विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर खेळ थांबवा, मी तुमच्या बाजूने असेन. पण पराभवाच्या रागात थांबवलात तर आदित्यला ती शिक्षा वाटेल आणि आईंची काळजी त्याला कधीच कळणार नाही. एक मॅच म्हणजे सगळं काही नव्हे, हे जिम केलीला फार कठीण मार्गाने कळलं. त्याचा मुलगा हंटर 14 फेब्रुवारी 1997 ला, जिमच्याच वाढदिवशी जन्मला आणि त्याला क्रॅबे हा मज्जासंस्थेचा असाध्य आजार निघाला. 2002 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, समावेश झाला तेव्हा भाषण करताना जिम म्हणाला, कणखरपणा ही माझी ओळख आहे असं लोक लिहीत आले, पण मला भेटलेला सगळ्यात कणखर माणूस म्हणजे माझा मुलगा. हंटर 2005 मध्ये गेला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने नवजात बाळांच्या तपासणीत या आजाराचा समावेश केला, त्यामागे त्या आईवडिलांचे कष्ट होते.

स्वतः जिमला 2013 मध्ये जबड्याचा कर्करोग झाला. 2014 च्या उन्हाळ्यात त्याचा जुना रिसीव्हर आंद्रे रीडचा हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश झाला, तेव्हा रीडने भाषण संपताना जिमला समोर बोलावलं आणि उपचारांनी थकलेल्या जिमने त्याला एक पास टाकला. रीडने पकडला. त्या दोघांकडे सुपर बोलची एकही अंगठी नाही.

नाशिकच्या आजोबांना तुम्ही मोकळेपणाने सगळं सांगा. त्यांना लाइनमधल्या पाच मुलांची आणि त्या रिसीव्हरची नावं लिहून पाठवा. ‘जिंकला का रे?’ याऐवजी त्यांनी विचारावं, आज तुझ्यापुढे कोण चांगला उभा राहिला? आजोबा नावानिशी विचारायला लागले की नातवाला मॅचमध्ये त्यांच्याकडे पाहावं लागेल. बघा, तो फोनवर येईल.

आणि तुमचं स्वतःचं एक काम आहे. स्टँडमध्ये तुम्ही एकटे नव्हता, त्या रिसीव्हरचे आईवडीलही तिथेच बसले होते, आणि त्या क्लिपनंतरचा आठवडा त्यांच्या घरात कसा गेला असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. त्यांना तुम्ही फोन करा, आदित्यला मधे न घेता. क्लिप आमच्या घरातून गेली याचं वाईट वाटतं, एवढं सांगा, आणि तुमचा मुलगा कसा आहे असं विचारा. कोचकडे गेलात तेव्हा आदित्यची बाजू मांडली असेल, तर कोचनाही हा फोन केल्याचं कळू द्या. येत्या शनिवारीच करा, आदित्य त्या मुलाला भेटायला जाण्याआधी.